सगळ्यात उशिरा येणारं विमान

१

पेटी उघडली, तर देवीचा मुकुट जागेवर नव्हता.

लाल कापड होतं, नीट घडी घातलेलं. त्याखाली तांब्याचा एक इवलासा गडू होता. गुठीतले सगळ्यात वडील पुण्यकाजी, ज्यांना सगळे थकाली म्हणत, त्यांनी तो मुकुटच समजून उचलला आणि भलतंच काही हाताला लागल्याबरोबर दचकून सोडून दिला. गालिचाभर पाणी झालं. मग वर जो आरडाओरडा झाला, तो खाली चौकात लसूण सोलत बसलेल्या बायकांपर्यंत पोचला.

त्या बायकांत केशरी होती. नेपाळातल्या पाटणच्या मंगलबजारात तिचं विमानाच्या तिकिटांचं दुकान होतं. आवाज भारदस्त, जीभ तिखट, आणि माहेरच्या गुठीचं जेवण तिनं लग्नानंतर एकदाही चुकवलं नव्हतं. गुठी म्हणजे देव आणि मर्तिक मिळून सांभाळणारं मंडळ; ही पाच घरांची, सगळे ताम्राकार, पिढ्यान्‌पिढ्या तांबं घडवणारे. देवीची पेटी दर वर्षी एका घरातून दुसऱ्या घरात जायची, आणि आज ती केशरीच्या धाकट्या भावाच्या, जोगमानच्या घरातून पुढच्या घरी जायची होती.

पेटी ठेवतात ती आगमची खोली घराच्या वरच्या मजल्यावर. दीक्षा न घेतलेला माणूस तिथं गेला तर रक्त ओकून मरतो, असं लहानपणापासून कानावर पडलेलं. त्यामुळे दाराला कुलूप नसे आणि पेटीची किल्लीही तिथंच खिळ्याला लटकत असे. तिथं कुलपापेक्षा भीती भक्कम होती.

जोगमान जिना उतरून आला तो भिंतीला धरधरून.

"तता," तो बहिणीला म्हणाला, "मुकुट गेला."

त्याच्या मागून थकाली उतरले. त्यांनी आवाज चढवला नाही. "काल संध्याकाळी मी आणि जोगमाननं तो पुसून ठेवला. सकाळपासून सगळे चौकात, वर चिटपाखरू नव्हतं. पेटी ज्याच्या घरी, जबाबदारी त्याची. जेवणात शेवटी फळं आणि मुळा वाढतात. तो मुळा वाढून होईपर्यंत मुकुट माझ्या पानासमोर आला नाही, तर जोगमानचं नाव गुठीतून गेलं."

चौकात उन्हाला चटई टाकून केशरीची म्हातारी मां बसली होती. तिला आज सणासाठी दोघांनी उचलून खाली आणलं होतं. तिनं मान वर केली.

"मग मला कोण उचलणार?"

मेलेल्या माणसाला खांदा गुठी देते. गुठीतून नाव गेलं की मढं घरात पडून राहतं, शेजारीही दार लावून घेतात. नव्वदीच्या म्हातारीला आयुष्याकडून आता एवढंच हवं होतं, की आपल्याच चार माणसांनी आपल्याला नीट न्यावं.

केशरीनं लसणाचे हात कमरेच्या पटुक्याला पुसले. "मां, तुला गुठीच उचलेल. मी सांगते ना!"

सांगून टाकलं खरं. मुकुट कुणी नेला याचा पत्ता तिला अजून शेजारच्या मांजराएवढाही नव्हता.

२

पोलिसांचं नाव कुणी काढलं नाही. जी देवी घरच्या सुनालेकींनीही पाहायची नाही, तिच्या चोरीचा जबाब परक्या माणसाला काय देणार? थकाली केशरीला म्हणाले, "तुला डोकं आहे. विचार काय विचारायचं ते. पण आगमात पाय टाकायचा नाही."

"पायाला काय करायचंय? विचारायला तोंड पुरे," केशरी म्हणाली.

दीक्षा झालेले पुरुष पाच. त्यातले एक कंबर मोडून अंथरुणावर. राहिले थकाली, जोगमान, तेजकाजी आणि लाभरत्न. थकालींना एकट्यानं जिना चढवत नव्हता. जोगमान सकाळपासून चुलाणावरच्या कढईपाशी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. आणि लाभरत्न, केशरीचे लाभदाजु, तर अजून आलेलेच नव्हते. ते पूर्वेला भद्रपूरला लेकीच्या घरी नातवाच्या उष्टावणाला गेले होते, आजच्या विमानानं यायचे होते.

"लाभदाजु आले नसताना पेटी उघडलीच कशी?" केशरीनं विचारलं. "आपल्यात तर पायावर उभा राहू शकणारा प्रत्येक माणूस आल्याशिवाय पेटी उघडत नाहीत."

थकालींनी तोंड वाकडं केलं. "गेल्या वर्षी असंच तेजकाजीसाठी थांबलो. मुहूर्त टळला, आणि महिन्याभरात आमच्या ज्ञानरत्नाची कंबर मोडली. यंदा मी ठरवलंच होतं, कुणासाठी थांबायचं नाही. आधी सांगितलं असतं तर सगळ्यांनी वाद घातला असता, म्हणून कुणाला बोललो नाही."

म्हणजे उरला एक तेजकाजी. परदेशी पाहुण्यांना जुन्या-नव्या मूर्ती विकणारा, दोन फोन बाळगणारा, आणि गुठीतल्या प्रत्येकाशी एकदा तरी भांडलेला. लोकांनी त्याचं दुकान आणि पिशवी केशरीनं सांगण्याआधीच उलथीपालथी केली होती. वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो, तशी त्याची ख्याती. मग त्यालाच धरायचं.

एवढ्यात दारातून बॅग ओढत लाभरत्न आत आले. कपाळावरचा घाम पुसत, हाश्शहुश्श करत.

"काय सांगू! चौंरी कंपनीचं विमान! भद्रपूरला असलं धुकं की समोरचा माणूस दिसेना. सकाळपासून तिष्ठत बसलो नुसता." मग त्यांनी चौकातले चेहरे पाहिले. "काय झालं? पेटी… पेटी उघडलीत?"

जोगमाननं सगळं सांगितलं. लाभरत्न मटकन जिन्याच्या पायरीवर बसले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग जोगमानपेक्षाही जास्त उडाला होता. पाटणात झाळकाम म्हटलं की लाभरत्न ताम्राकार. धातूला धातू असा जोडायचे की जोड नखालाही लागू नये. गेल्या वर्षी पेटी त्यांच्याच घरी होती. त्यांना लागणारच, असं सगळ्यांना वाटलं.

चिनीमायानं, जोगमानच्या बायकोनं, त्यांच्या हातात चहाचा पेला दिला. त्यांनी तो उजव्या हातात घेतला आणि चटकन डाव्यात बदलला.

मां चटईवरून म्हणाली, "लाभ, तू कधीपासून चौंरीनं यायला लागलास रे?"

"मिळालं ते घेतलं, मां."

केशरी तिकडे पाहत नव्हती. तिची नजर तेजकाजीवर होती, कारण लसूण सोलणाऱ्या एका बाईनं नुकतंच तिच्या कानात सांगितलं होतं, की सकाळी सगळे खाली असताना तेजकाजी जिना चढताना दिसला होता.

३

"हो, चढलो होतो," तेजकाजी म्हणाला. केशरीनं त्याला कोठीच्या खोलीत गाठलं होतं. "काय करशील? फाशी देशील?"

"आधी कारण ऐकते. फाशीचं मग बघू."

तो पुटपुटला, "वरच्या स्वयंपाकघरात आयला ठेवली होती. देवीला दाखवायच्या आधी एक घोट घेतला."

"एकच?"

"तू पोलीस आहेस का दारूबंदीवाली?"

केशरीला हसू आलं. तिनं आयलाचं मडकं आधीच पाहून ठेवलं होतं. ते बरंच खाली गेलं होतं. मुकुट चोरायला निघालेला माणूस तिथं एवढा वेळ मडक्यापाशी रमत नाही.

"वर कुणी दिसलं?"

"कुणी नाही. आगमचं दार लोटलेलं होतं. उदबत्तीचा वास येत होता, ताजा. मला वाटलं जोगमाननं लावली असेल. केशरी, मला सगळे चोर म्हणतात म्हणून सांगत नाही. पण त्या गडूच्या गळ्याला पाच रंगांचा दोरा होता. नवाकोरा. आत पाण्यात फूल होतं. या वस्तू मी विकतो, माझ्या नजरेतून सुटत नाहीत. थकालींच्या हातून पडला तेव्हा बाकीच्यांना नुसतं पाणी दिसलं."

"चेष्टा म्हणून ठेवला असेल चोरानं?"

"चेष्टा करणारा दोरा एवढा निगुतीनं बांधत नाही."

केशरी कोठीच्या दाराशीच उभी राहिली. पाणी, फूल, पाच रंगांचा दोरा, उदबत्ती, घडी घातलेलं कापड. लहानपणी तिनं बापाला पाहिलं होतं. देवळातली कुठली मूर्ती दुरुस्तीला खाली उतरवायची असली, की आधी देवाला हात जोडून विनवायचं, त्याला मूर्तीतून गडूच्या पाण्यात यायला सांगायचं. मूर्ती तेवढ्या वेळापुरती नुसता धातू. काम झालं की देव परत मूर्तीत. देव आत असताना त्याच्यावर हातोडा कोण चालवणार?

चोराला याची काय गरज? चोर देवाला सोबत घेऊन जातो. हा माणूस देवीला घरीच ठेवून गेला होता.

मुकुट कुणी चोरलाच नव्हता. कुणीतरी तो दुरुस्तीला नेला होता.

४

आता प्रश्न एवढाच, की चौकातल्या सगळ्यांच्या समोर राजरोस करता येण्याजोगी गोष्ट कुणी चोरून का करावी?

तिनं जोगमानला बाजूला घेतलं. "काल पुसताना मुकुटात काही वेगळं दिसलं?"

"काही नाही, तता. एक पाकळी तेवढी जरा फिकी वाटली. म्हटलं, सोनं उडालं असेल. म्हणून तर थकालींनी सांगितलंय ना, यंदा मुकुटाला नवा मुलामा द्यायचा. आगीतला, जुन्या पद्धतीचा. गेल्या महिन्यातच ठरलं."

"आगीतला." केशरीनं शब्द तोंडात घोळवला.

तांबटाच्या लेकीला पुढचं कुणी शिकवायला नको. नीट झाळलेला जोड आगीत तगतो. घाईत कथील वितळवून चिकटवलेला जोड आगीत पाण्यासारखा वाहून जातो. ती फिकी पाकळी कथलानं जोडलेली असेल, तर मुलाम्याच्या दिवशी सगळ्या गुठीसमोर ती गळून पडली असती. आणि जोगमानच्या आधी मुकुट होता लाभरत्नांच्या घरी.

पण लाभरत्न तर सकाळी भद्रपूरला होते. आकाशातून आलेल्या माणसाची पिशवी कोण तपासणार? कुणी तपासलीही नव्हती.

आणि इथं केशरीला आपलं दुकान आठवलं.

लाभदाजु हे तिचं सगळ्यात छळकुटं गिऱ्हाईक. तिकीट घ्यायचं म्हणजे काउंटरवर ठाण मांडून बसायचे. कुठली कंपनी वेळेवर सुटते, कुठली वेळेवर पोचते, सकाळची बरी की दुपारची, सगळ्यांची तुलना झाल्याखेरीज खिशात हात जायचा नाही. केशरी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगायची तेच त्यांनाही सांगायची: "विमानाला उशीर का झाला हे आपल्या आकाशाला विचारू नका. ते त्याआधी कुठं गेलं होतं ते विचारा. हिमरेखाचं विमान रात्री भद्रपुरातच झोपतं, उठलं की निघतं. चौंरीचं विमान आधी पहाडात जाऊन येतं, मग भद्रपूरला. पहाडात ढग अडला, की भद्रपूरची माणसं ताटकळली." लाभदाजु मान डोलवायचे आणि दर वेळी हिमरेखाच घ्यायचे.

या वेळी मात्र त्यांनी विचारलं होतं, "आणि सगळ्यात उशिरा कोण?"

ती हसली होती. "चौंरी. त्यात स्पर्धाच नाही. दुपारच्या आत आलं तर मी दुकानात नाचेन. पण दाजु, मी वर्षाचं सांगते हं, दिवसाचं नाही. दिवसाचं पशुपतीनाथ जाणे."

आणि परतीचं तिकीट त्यांनी चौंरीचं घेतलं. तिनं डोक्यावर हात मारून घेतला होता, तर म्हणाले, "म्हातारपणी घाई कसली?"

घाई कसली! गुठीच्या जेवणाच्या दिवशी?

उशिरा येणारं विमान माणूस मुद्दाम निवडतो, तो एकाच कारणानं. त्याला उशीर हवा असतो. पाचही घरं आपल्यासाठी थांबतील, पेटी उघडणार नाही, आणि कुणी नवल करणार नाही, हा त्यांचा हिशेब. सगळा कट तिच्याच काउंटरवर बसून, तिच्याच तोंडून माहिती काढून रचलेला. केशरीला राग आला. त्याहून जास्त, आपण किती खात्रीची माहिती देतो याचा जरासा अभिमानही वाटला; खोटं कशाला बोला.

पण हा नुसता तर्क. विमान खरोखरच उशिरा आलं असेल, तर सगळं कोसळलं.

चिनीमाया भाताच्या टोपल्यापाशी डोळे पुसत होती. "तता, माझ्याच पायगुणानं झालं म्हणतील. सकाळी फोनवर बोलत बसले नसते, तर वर एक चक्कर तरी टाकली असती."

"कुणाशी बोलत होतीस?"

"बहिणीशी. भद्रपूरला दिली ना तिला. मस्यौरा घातलेत म्हणे गच्चीभर, यंदा उडीद छान आलाय. मी म्हटलं मलाही धाड."

केशरीनं तिचा हात घट्ट धरला. "आज सकाळी मस्यौरा वाळत घातले?"

"हो. उजाडल्यापासून लख्ख ऊन आहे म्हणाली, म्हणून तर घातले. मळभ असलं तर कोण घालेल? बुरशी धरते."

समोरचा माणूस दिसत नाही असल्या धुक्यात भद्रपूरची एक बाई गच्चीवर सांडगे वाळवत होती.

केशरीनं फोन काढला. विमानतळावर चौंरीच्या खिडकीत बसणाऱ्या डोल्माशी तिची रोजची ओळख आणि रोजचं भांडण.

"डोल्मा, आज तुमचं भद्रपूर किती उशिरा आलं गं?"

"तता, बसली आहेस ना? नसशील तर बस. आज आमचं भद्रपूर वेळेवर आलं!"

"काय सांगतेस!"

"शप्पथ! पहाडात बर्फ पडलं, तिकडची फेरीच रद्द झाली. विमान रिकामं उभं होतं, ते सरळ भद्रपूरला पाठवलं. आमचे साहेब मिठाई वाटतायत. आता तू दुकानात नाचणार म्हणे?"

"नाचेन गं. आधी एक सांग, त्यात लाभरत्न ताम्राकार होते?"

"त्यांची खुर्ची रिकामी आली. नाव पुकारून पुकारून तिकडच्या पोरीचा घसा बसला."

केशरीनं फोन ठेवला. चौकात पंगतीसाठी चटया पसरायला सुरुवात झाली होती.

५

तिनं लाभरत्नांना कौशीवर, वरच्या गच्चीवर बोलावलं. "दाजु, जरा मदत करा, आयला खाली न्यायचीय," एवढंच म्हणाली. ते बॅग हातात घेऊनच वर आले. ती बॅग आल्यापासून त्यांनी जवळून हलू दिली नव्हती, हे आता तिच्या ध्यानात आलं.

इथल्या गच्च्या एकमेकींना चिकटलेल्या. लाभरत्नांची गच्ची एका टांगेच्या अंतरावर होती. त्यांचं घर बंद होतं, बायको अजून लेकीकडेच. पण खालच्या कारखान्याच्या धुराड्यातून लप्सी नावाच्या आंबट फळाच्या पाण्याचा वास येत होता. धातू तापवून झाला की तांबट तो त्या पाण्यात बुडवून उजळतात.

"उजव्या अंगठ्याला काय झालं?" केशरीनं विचारलं.

"कुठं काय?"

"चहा डाव्या हातानं प्यायलात. नातवाच्या उष्टावणाला जाऊन अंगठा भाजून आलात? खीर तुम्हीच ढवळलीत वाटतं."

लाभरत्न हसायचा प्रयत्न करत होते. केशरीनं त्यांना तो करू दिला, मग म्हणाली, "आज चौंरी वेळेवर आलं, दाजु."

त्यांचं हसू तसंच राहिलं आणि डोळे मात्र विझले.

"काय?"

"वेळेवर. अगदी हिमरेखासारखं. भद्रपूरला ऊन होतं, तिथं बायका मस्यौरा वाळवत होत्या, आणि तुमची खुर्ची रिकामी आली. तुम्ही कालच आलात, तेही हिमरेखानंच असणार. सकाळी इथून उडी मारून आत गेलात, देवीला गडूत बसवलंत, मुकुट घेऊन परत. मी म्हटलं होतं ना, मी वर्षाचं सांगते, दिवसाचं नाही?"

त्यांनी गच्चीचा कठडा धरला.

"गेल्या वर्षी माझ्या हातून पडला," ते म्हणाले. "पुसताना. एक पाकळी निघाली. दुसऱ्या दिवशी पेटी द्यायची होती, भट्टी थंड होती. म्हटलं, तात्पुरतं कथील लावू, मग कधीतरी नीट करू. ते कधीतरी आलंच नाही. तुमच्या वरच्या मजल्यावर मां बसलेली असायची, घर कधी रिकामं नाही. आणि मग मुलाम्याचं ठरलं. केशरी, कुणीही चुकलं असतं तर लोक हसले असते आणि विसरले असते. लाभरत्नानं कथील लावलं, हे पोरंसोरं माझ्या तिरडीमागं सांगत फिरली असती."

"झाकली मूठ सव्वा लाखाची. हो ना?"

"काम झालं होतं. परत ठेवायला गच्चीवर आलो, तर आत ओरडा सुरू झालेला. थकालींनी मुहूर्तासाठी पेटी उघडली असेल, हे स्वप्नातही नव्हतं. मग बॅग घेतली आणि फिरून दारातून आलो. सांगणारच होतो. जीभच उचलेना."

इतका वेळ केशरीनं आवाज शांत ठेवला होता. आता तो राहिला नाही. "जीभ उचलेना? जोगमान भिंत धरून जिना उतरला, तेव्हाही नाही? माझी मां विचारत होती, मला कोण उचलणार म्हणून! तुमच्या नावाला डाग लागू नये म्हणून ती घरात कुजली असती तरी चाललं असतं?"

लाभरत्नांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांनी बॅग उघडून आत हात घातला, तशी केशरीनं झटकन तोंड फिरवलं.

"काढू नका. मी पाहायचा नाही तो."

"माफ कर. विसरलो."

"आता माझ्याकडं नका पाहू. थकालींना मी सांगायचं की तुम्ही, एवढंच ठरवा. आणि जरा लवकर ठरवा, खाली मुळा चिरायला घेतलाय."

त्यांनी बॅग बंद केली. जिन्याकडं वळले, दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. खालून पंगत बसल्याचा गलका येत होता. ते उतरतील की पुन्हा आपल्या गच्चीवर उडी मारतील, हे केशरीला त्या घडीला खरोखरच सांगता आलं नसतं.

६

पंगत मानाप्रमाणं बसते. थकाली पहिले, दुसरे लाभरत्न, मग बाकीचे, सगळ्यात शेवटी धाकटा जोगमान. पोहे, छोयल्याचं मसालेदार मांस, बारा नावाचे डाळीचे वडे, भाज्या, सगळं वाढून झालं. कुणी नीट जेवत नव्हतं. जोगमानच्या पानातलं तसंच होतं. दुसरी जागा रिकामी होती.

फळांचं ताट घेऊन चिनीमाया उभी राहिली आणि थकालींकडं पाहू लागली. थकालींनी डोळे मिटून मान हलवली. तिनं पहिला मुळ्याचा काप उचलला.

तेवढ्यात लाभरत्न जिन्यावरून उतरले. ते आपल्या जागेकडं गेले नाहीत. पंगतीच्या शेवटी, जोगमानच्याही खालच्या अंगाला गेले आणि उघड्या जमिनीवर बसले. पाटणात असं कधी कुणी पाहिलं नव्हतं.

"मुकुट मी नेला होता," ते म्हणाले. त्यांनी कुठलाही शब्द गाळला नाही. कथील, भट्टी, गच्ची, विमान, सगळं सांगितलं. मग लाल कापडात गुंडाळलेली वस्तू हातोहात पंगतीच्या वरच्या टोकाला गेली. जोगमानच्या हातून जाताना त्यानं ती क्षणभर कपाळाला लावली. लाभरत्नांकडं पाहिलं नाही.

थकालींनी ती कापडासकट मांडीवर घेतली. त्यांचे डोळे अधू होते, पण अंगठा अजून तांबटाचा होता. तो कापडाखाली एकेका पाकळीवरून फिरला. पुन्हा फिरला. तेजकाजीसुद्धा श्वास रोखून बघत होता.

"कुठली पाकळी?" त्यांनी विचारलं.

"उजवीकडची दुसरी."

"जोड सापडत नाही," थकाली म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "काम चांगलं आहे. वागणं वाईट आहे. जोगमानचं नाव आहे तिथंच राहील. तुझं काय करायचं, लाभ?"

लाभरत्न मान खाली घालून बसले होते. "काढून टाका."

"थांबा," चटईवरून आवाज आला.

मांनं कुणालातरी हात द्यायला लावला आणि ती ताठ बसली. "ज्यानं मला आज दिवसभर घोर लावला, त्याची शिक्षा मी ठरवणार. लाभ, इकडं बघ. मी जाईन तेव्हा पुढचा खांदा तुझा. दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. थकला तरी बदलायचा नाही. पार घाटापर्यंत."

लाभरत्नांनी जमिनीला कपाळ टेकलं.

"आणि हे बघ," म्हातारी म्हणाली, "त्या दिवशी परगावी असलास, तर हिमरेखानंच ये. चौंरीसाठी मी थांबायची नाही."

चौकात कुणाला हसावं की नाही ते कळेना. सगळ्यांत आधी हसला तो जोगमान. मग तो खसकन बाजूला सरकला आणि आपल्या चटईचं अर्धं टोक त्यानं लाभदाजुंच्या बाजूला ओढून दिलं.